हाडावर फुटलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. अक्रोडाच्या लाकडाचा माझा दस्ता आता काळवंडलाय, पण नळी अजून सरळ आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा बार काढताना खांद्याला मऊ धक्का देणारी म्हणून माझं केवढं कौतुक झालं! उत्तर मिशिगनच्या या जंगलात मात्र त्याच गुणापायी माझी नाचक्की झाली. खांदा निळा पडला नाही, तर त्याला इथे कुणी शिकार म्हणत नाही. एकवीस वर्षं मी कपाटात धूळ खात पडले होते.

मला बाहेर काढलं आयलीने. साठीची विधवा बाई, गळ्याजवळचं हाड मोडून जोडलेलं. नवऱ्याची दांडगी रायफल तिला झेपेना आणि हिवाळ्यासाठी मांस तर हवं होतं. "पण एक सांगते," ती थोरल्या भावाला, रेनोला म्हणाली, "माझ्या हातून जनावर तडफडलं, तर माझी शिकार कायमची संपली."

"या खेळण्याने तडफडतंय कशाला? गुदगुल्या होऊन हसत सुटेल!" रेनो खिदळला.

उन्हाळाभर तिने शंभर ग्रेनच्या, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या, जड गोळ्यांनी सराव केला. नेम चुकेना, पण दहा-बारा बार झाले की तिचा खांदा ठणकायचा. रेनोने ते पाहिलं. तोंडाने फटकळ, मनाने हळवा माणूस! मोसमाच्या पहिल्या सकाळी शिकारीच्या झोपडीत त्याने माझ्यातल्या गोळ्या काढायला लावल्या आणि तिच्या हातावर दुसऱ्या गोळ्यांची डबी ठेवली. "याही हिच्याच मापाच्या. वजनाला निम्म्या. धक्का जाणवणारसुद्धा नाही तुला." भावावर विश्वास ठेवून तिने जड गोळ्या खिशात टाकल्या. हलक्या गोळ्या धातूच्या पातळ सालीच्या, लागताच फुटणाऱ्या, कोल्ह्यांसाठी केलेल्या. मला कळत होतं हो, पण मला तोंड कुठलं!

साठ पावलांवर नर हरीण आडवं उभं राहिलं. आयलीने चाप ओढला. गोळी नेमकी बसली आणि खांद्याच्या हाडावर फुटून तिचा चुरा झाला. आत खोल गेलीच नाही. हरीण कोसळलं, किंचाळलं, उठलं आणि लोंबता पाय फरफटत दलदलीकडे पळालं.

दोन तास आम्ही रक्तामागे चाललो. बर्फावर आधी थेंब, मग मांसाचे लगदे, मग हाडाच्या किरच्या. आयली रडत होती आणि स्वतःला शिव्या देत होती. ते सापडलं तेव्हा गुडघाभर चिखलात उठायला धडपडत होतं, तोंडाला लाल फेस. तिने खिशातली जड गोळी भरली आणि मानेत झाडली. मग सगळं शांत झालं.

आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो, त्याच्या सदऱ्याचं टोक कापून भिंतीवर ठोकतात. संध्याकाळी आयलीने स्वतःच कात्री घेतली.

"अगं, तुझा नेम कुठे चुकला?" रेनो म्हणाला. "गोळ्या मी दिल्या."

"भरल्या मीच ना! डबीवर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही मी."

रेनोने तिच्या हातातून कात्री घेतली आणि आपलाही सदरा कापला. आयलीने शब्द पाळला. मी पुन्हा कपाटात गेले.

मित्रांनो, स्वतःच्या खांद्याला जपा, जरूर जपा. माझ्यासारख्या रायफली त्यासाठीच आहेत. पण गोळी निवडताना समोरच्या खांद्याचाही विचार करा. त्या दिवशी आयलीला धक्का जाणवलासुद्धा नाही. हरणाला मरायला दोन तास लागले.