पंचायतीची शाल

मी सत्काराची शाल बोलतेय. आता माझा मूळ रंग कुठला, हे सांगावं लागतं. पण एके काळी कोल्हापुरात, महाद्वार रोडवरच्या एका दुकानात मी किरमिजी रंग आणि रुंद जरीकाठ मिरवत बसले होते.

एकोणीसशे सहासष्टच्या जानेवारीत शिरोळकडच्या एका गावचे सरपंच गणपतराव दुकानात आले. दुकानदारानं जाड, उबदार शाली पुढं टाकल्या. गणपतराव म्हणाले, "ऊब नगं. फोटूत उठून दिसंल अशी दावा." मी लगेच पसंत पडले.

त्या गावचा मौला पिंजारी चार महिन्यांपूर्वी पंजाबच्या सरहद्दीवर लढताना पडला होता. त्याला तिकडंच, एका खेड्याबाहेर दफन केलं. घरी आली एक तार आणि एक ट्रंक. त्याची आई चाँदबी गाद्या-रजया शिवून पोट भरायची. सव्वीस जानेवारीला तिचा सत्कार करायचा ठरला.

शाळेपुढं मांडव पडला. गणपतरावांनी मला चाँदबीच्या खांद्यावर घातलं, तोंड मात्र फोटोवाल्याकडं ठेवलं. मग पाऊण तास भाषण झालं. त्यातली दोन मिनिटं मौलाच्या वाट्याला आली, बाकीची नव्या पाण्याच्या टाकीला. चाँदबी माझी टोकं घट्ट धरून बसली होती. तिच्या बोटांना कापूस चिकटलेला. मधेच तिनं माझं कापड चिमटीत घेऊन चाचपलं. मला वाटलं, चला, कदर करणारं घर मिळालं.

कार्यक्रम संपला आणि पंचायतीचा शिपाई केरबा खाली मान घालून तिच्यासमोर उभा राहिला. "मावशी, शाल द्या. कपाटात ठिवायची हाय."

नारळ चाँदबीला मिळाला. मी कपाटात गेले.

सात वर्षं हेच चाललं. वर्षातून दोनदा मी बाहेर यायची, अर्धा तास तिच्या खांद्यावर बसायची आणि डांबराच्या गोळ्यांत परत जायची. एका वर्षी कसरीनं मला भोकं पाडली. रफू करायला गणपतरावांनी मला धाडलं ते चाँदबीकडंच, कारण तिच्यासारखा हात गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिनं भोकं बुजवली, घडी घातली, मला केरबाच्या हातात दिलं. दोन दिवसांनी मलाच पांघरून तिचा सन्मान झाला. टाळ्याही पडल्या.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत शेजारचा कृष्णात सुट्टीवर आला. तोही फौजेत होता आणि त्याची पलटण आता त्याच सरहद्दीवर होती. त्या दिवशी माझ्या काठाचा टाका उसवला होता म्हणून मी चाँदबीच्या मांडीवर होते.

"कबर बघून आलोय मावशी," तो म्हणाला. "भोवतीनं विटा लावल्यात. नाव हाय."

"वर चादर हाय का रं?"

कृष्णातनं नकारार्थी मान हलवली. चाँदबीची सुई थांबली, मग पुन्हा चालू लागली.

त्या सव्वीस जानेवारीला केरबा नेहमीसारखा हात पुढं करून आला.

"देत न्हाय," चाँदबी म्हणाली.

गणपतराव हसले. "अवो मावशी, पंचायतीची वस्तू हाय ती. पुढल्या टायमाला परत घालणारच की तुमास्नी!"

"माझा ल्योक दिला, सरपंच. परत मागितला काय कधी?"

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण माईक बंद करायचा राहून गेला होता. कर्ण्यातून ते वाक्य पार एस.टी. थांब्यापर्यंत गेलं. गणपतराव उठले, काय करावं ते न कळून पुन्हा बसले, आणि फोटोवाल्याला त्यांनी हातानं थांबवलं. हे मात्र पहिल्यांदाच घडलं.

पण सरकारी वस्तू अशी कशी सोडायची? केरबानं तोड काढली. 'सदर शाल उंदरांनी कुरतडल्याने नष्ट झाली' असा कागद त्यानं लिहिला आणि गणपतरावांनी मुकाट सही केली. तेव्हापासून पंचायतीच्या दप्तरी मी मेलेली आहे.

चाँदबीनं आधी माझी जर उसवून काढली. "टोचंल त्याला," एवढंच म्हणाली. मग मला धुऊन, वाळवून कृष्णातच्या ट्रंकेत ठेवलं.

कृष्णातनं मला कबरीवर अंथरलं, चारी टोकांवर विटा ठेवल्या. "मौला, आईनं धाडलीया," म्हणाला आणि सलाम ठोकून उभा राहिला. भाषण झालं नाही. शेजारच्या शेतातला म्हातारा सरदारजी काम सोडून आला आणि हात जोडून थांबला. वाऱ्यानं माझं टोक उडालं की आता तोच येऊन नीट करतो.

महिन्याभरानं चाँदबीचं पत्र आलं. तिनं सांगितलेलं, केरबानं लिहिलेलं. कृष्णातनं ते माझ्याशेजारी बसूनच वाचलं. 'आमचा मौला लई उंच. शाल पुरली काय? पाय उघडं ऱ्हायलं न्हाईत न्हवं?'

कृष्णातनं माझ्याकडं पाहिलं. गुडघ्यावर कागद ठेवून उत्तर लिहिलं, 'पुरली.'

आता माझा तिसरा पावसाळा आहे. धागे सुटतायत, पुढचा काही मी बघणार नाही. त्याचं दुःख नाही. पण एक विनंती आहे. मी पायाशी वीतभर कमी पडले. कधी त्या गावाला गेलात, तर चाँदबीला तेवढं सांगू नका.