लोनीच्या नावावरचे पराभव

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दागिन्याची नाही, कुत्र्याचीही नाही. फुटबॉलची. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढं न्यावा लागतो. ते दहा यार्ड म्हणजे मी. दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या आणि मधे लोंबकळणारी मी.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये माझ्या कड्या जोडल्या, तेव्हा मी चकचकीत होते. दर शुक्रवारी शाळेच्या मैदानाच्या कडेला उभं राहायचं, चेंडूच्या मागंमागं सरकायचं. एक काठी अँडी बाबिककडं असायची. अँडी नळदुरुस्तीवाला, महाबिलंदर. पंचाच्या खिशात त्यानं एकदा उकडलेलं अंडं सोडलं होतं. चेंडू दहा यार्ड गेला की नाही असा वाद झाला की मला पळवत मैदानात नेत, आणि अख्खं गाव श्वास रोखून माझ्याकडं बघत राही. काय तो मान! आता आठवलं तरी कड्या दुखतात.

तेव्हा आमच्या शाळेचा क्वार्टरबॅक होता लोनी व्हर्बा. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो तो. लोनीच्या काळात शाळा तीन वर्षं ओळीनं बाद फेरीत पोचली आणि तिन्ही वेळा तिथंच हरली. पहिल्या वर्षी चेंडूला शेवटची लाथ मारणारा चिखलात आडवा झाला. दुसऱ्या वर्षी लोनीनं फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या छातीवर आपटून खाली पडला. तिसऱ्या वर्षी लोनीनं चेंडू चेट गोलोंकाच्या हातात दिला आणि चेट स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडला. मला आत नेलं, ताणलं. चेंडू वीतभर मागं राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणालं, "लोनी हरला." चेटचं नाव नाही, नाडीचं नाही. तेव्हापासून लोनीचं नावच पडलं, शून्य-तीन. बाद फेरीत जिंकलेले सामने शून्य, हरलेले तीन.

पुढं नवी साखळी आली आणि मला गाव जिथं जमतं त्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये कॉफीच्या यंत्रावर टांगलं. वाफ खाऊन गंज चढला. कुणी वर बघत नाही, पण मला सगळं ऐकू येतं. लोनी शाळेची बस चालवायला लागला. दुपारी पोरांना फुकट फुटबॉल शिकवायचा, केस पांढरे झाले तरी शिकवत राहिला. गेल्या वर्षी कोचची जागा रिकामी झाली आणि त्यानं अर्ज केला. त्याला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं.

बैठक माझ्याच खाली भरली. कोच निवडणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण? चेट गोलोंका!

"लोनी माणूस सोन्यासारखा आहे," चेट म्हणाला, "पण आकडा बघा ना. शून्य-तीन. पोरांना काय शिकवणार, हरायला?"

लोनी टोपी कुरवाळत खाली बघत बसला. अँडी मात्र उठला. मला वाटलं, आता हा कुणाच्या तरी खिशात अंडं सोडणार.

"फादर," अँडीनं चर्चच्या पाद्र्याला हाक मारली, "माझ्या दोन्ही पोरींची लग्नं तुम्हीच लावलीत. एक टिकलं, एक मोडलं. म्हणजे तुम्ही एक-एक."

"अरे अँडी, मी फक्त लग्न लावलं रे!"

"लोनीनंही फक्त चेंडू दिला, फादर."

हॉल हसायला लागला. हॉलच्या स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडणारी टिली तिथूनच ओरडली, "माझा काय आकडा रे, मेल्या?"

"तुझ्या पिरोगी खाऊन अजून कुणी मेलं नाही, टिली. तू अजिंक्य!"

मग अँडीनं स्टुलावर चढून मला खाली काढलं. माझी एक काठी चेटच्या हातात दिली, दुसरी जमिनीवर टाकली. "हं, मोज."

"एकट्यानं कसं मोजणार?" चेट वैतागला.

"तेच म्हणतोय मी. आणि चेट, नाडी बांध."

चेटनं खरंच खाली बघितलं. हॉलमध्ये एवढा हशा पिकला की मत घ्यायला अर्धी संध्याकाळ गेली. मिळाली लोनीला नोकरी.

इथंच थांबावंसं वाटतं, मित्रांनो. पण मी साखळी आहे, मला खोटं मोजता येत नाही. परवा लोनीची पोरं बाद फेरीत एका गुणानं हरली. शेवटच्या लाथेचा चेंडू गोलच्या खांबावर आपटला. क्वार्टरबॅक पोरगा, डॅरिन, हॉलमध्ये तोंड लपवून बसला होता. कॉफी ओतता ओतता कुणीतरी म्हणालंच, "चला, हा शून्य-एक."

लोनी शांतपणे वळला. "माझ्या नावावर लिहा. शून्य-चार म्हणा मला, सवय आहे. पोराला सोडा."

चेट खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "तिसरा पराभव माझा होता, लोनी."

"माहितेय," लोनी म्हणाला. "बस खाली."

दोघंही थकलेले दिसत होते. मीही थकलेय. सारखं मोजून मोजून लोखंडही शिणतं हो.

मित्रांनो, तुमच्याकडं फुटबॉल नसेल, पण हरून घरी येणारं पोर असेलच. ते दारात आलं की आकडा विचारू नका. टिलीनं काय केलं सांगू? डॅरिनपुढं गरम पिरोगीचं ताट सरकवलं आणि म्हणाली, "आधी खा."