खाऱ्या बर्फातला हात

इरम्माच्या बोटाचं हाड मोडलं, त्याच दिवशी मी ठरवलं की याचा वचपा काढायचा. पोरीनं विचारलं एवढंच होतं, "सर, पाण्याचा बर्फ व्हतो कसा?" आमचे हेडमास्तर महालिंगप्पा यांना उत्तर येत नव्हतं. उत्तर आलं नाही की ते छडी उचलत, आणि तुळजापुरातल्या आमच्या शाळेतल्या पोरी मुकाट्यानं हात पुढं करत. मी शेजारच्या वर्गावर होते. ऐकत राहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

निजामाच्या शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला यायचे होते. मी सुचवलं, पोरींकडून कुल्फी करून दाखवू, शास्त्राचा प्रयोग होईल. मास्तरांनी लगेच हुकूम सोडला, "प्रयोग माझा म्हणून सांगायचं, धुरपदाबाई." मी मान डोलावली. मला तेच हवं होतं.

सोलापूरच्या मोटारीनं लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली. पोरींनी ती फोडून बादलीत भरली, मधोमध आटवलेल्या दुधाचा डबा बसवला. बर्फावर खडेमीठ मी स्वतः ओतलं, अगदी सढळ हातानं. मिठानं बर्फ वितळतो, पण वितळताना नुसत्या बर्फाहून कितीतरी गार होतो. हे मला ठाऊक होतं, मास्तरांना नव्हतं.

"डबा बुडाशी धरून फिरवत राहावं लागतं," मी साहेबांसमोर गोड आवाजात म्हणाले. "प्रयोग सरांचा आहे, तेच धरतील."

मास्तरांनी बाही सारली आणि उजवा हात मनगटापर्यंत खुपसला. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, लई झोंबतंय," ते कुजबुजले.

"हात काढला तर दूध तसंच राहील, सर. साहेब बघतायत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रतीभर दया आली नाही. मनात म्हटलं, अजून थोडं. कुल्फी झकास जमली. साहेबांनी वाखाणली, पोरींनी मिटक्या मारत खाल्ली. मास्तरांना चमचा धरता येईना.

दुसऱ्या दिवशी ते फोडांवर फडकं गुंडाळून आले. थेट वर्गात शिरले, छडी डाव्या हातात घेतली आणि ओरडले, "इरम्मा, हात पुढं कर!"

मी दारातच थबकले. माझा सगळा सूड पाण्यात गेला होता.

इरम्मा उठली. तिनं त्या फडक्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"न्हाय," ती म्हणाली.

शेजारची उठली, तिनंही हात मागे घेतले. मग मागच्या बाकावरची. बघता बघता सगळा वर्ग उभा राहिला, आणि पुढं एकही हात नव्हता.