बोटं किती?

इशारेवाल्याने तीन बोटं वर केली आणि क्रेनचा भोंगा चार वेळा वाजला.

तो खाली उभ्या उभ्या हसला. बावीस वर्षांत क्रेनवाल्या थंडोबाने थट्टा केल्याचं त्याला आठवत नव्हतं. चला, उशिरा का होईना, बाबाला विनोद सुचला. त्याने पुन्हा दोन बोटं दाखवली. या खेपेला भोंगा वाजलाच नाही.

हा उद्योग थंडोबाचाच. धक्क्यावरची पहिली पेटी उचलण्याआधी खालच्या माणसाने मनाला येतील तेवढी बोटं दाखवायची आणि वरच्या केबिनमधून त्याने तितके भोंगे द्यायचे. नियमात असं काही नव्हतं. "डोळे तपासायला वर्षातून एकदा डॉक्टर येतो की," असं साहेब म्हणाले, तेव्हा तो म्हणाला होता, "पेट्या रोज उचलतो ना, साहेब." सगळ्या धक्क्याने त्याची टर उडवली. इशारेवाल्यानेही उडवली आणि रोज बोटंही दाखवली. दोस्त म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

माणूस नावासारखाच थंड. वाऱ्यामुळे काम अडलं की बाकीचे आभाळाला शिव्या घालायचे, हा डबा उघडून जेवायला बसायचा. "वारा माझ्या हातात नाही, क्रेनचा दांडा आहे," एवढंच म्हणायचा. बढती हुकली तेव्हाही तेच. बायको गेली तेव्हा मात्र आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला, चेहरा पार उतरलेला, आणि म्हणाला, "दाखव बोटं."

आता तोच एकशे दहा पायऱ्या उतरत होता. भर कामाच्या वेळी तो खाली आल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. इशारेवाला पुढे धावला.

"काय झालं रे?"

"किती होती?"

"आधी तीन. मग दोन."

थंडोबाने मान हलवली. "मला तुझा हातच दिसला नाही. चार दिवस धूसर दिसतंय. काल अंदाजाने दिले, ते बरोबर आले. आजही अंदाजच केला. कालच उतरायला हवं होतं, चुकलं माझं."

इशारेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं.

"हे बघ, तपासणीला अजून चार महिने आहेत. मी वॉकीटॉकीवर सांगत जाईन, वर, खाली, डावीकडे. मी सांगेन तसं चालव. कुणाला पत्ता लागणार नाही."

"पेटीखाली कोण उभं असतं?"

"मीच की."

"मग?"

इशारेवाला त्याला साहेबांकडे घेऊन गेला.

साहेबांनीही तेच सुचवलं, फक्त जरा गोड भाषेत. जहाज लागलंय, दुसरा ऑपरेटर दुपारी येईल, तेवढं निभावून न्या. थंडोबाने केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. "डोळे माझ्या हातात नव्हते, साहेब. किल्ली आहे." बोलला शांतपणे, पण किल्लीवरचा हात काही त्याला लवकर उचलता आला नाही.

डोळ्याचा आतला पडदाच खराब झालाय, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी त्याला गोदामात, पेट्या बांधायचे तारेचे दोर तपासायला बसवलं.

दोन आठवड्यांनी इशारेवाला दोर न्यायला गेला. थंडोबा स्टुलावर बसून, हातात फडकं धरून एकेक दोर सरकवत होता. फडकं अडकलं की तिथली तार तुटलेली; तो दोर बाजूला. बाजूचा ढीग चांगला गुडघाभर होता. आजवर हेच दोर आपल्या डोक्यावरून जात होते, हे इशारेवाल्याच्या ध्यानात आलं. हा माणूस वर असो की खाली, आपला जीव यानेच सांभाळला, असं त्याला वाटलं.

बाहेर क्रेन फिरायला लागली. थंडोबाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"वर जावंसं वाटतं का रे?" इशारेवाल्याने विचारलं.

"वाटतं. रोज वाटतं," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "तो पुढचा दोर दे इकडे."

इशारेवाल्याने दोर त्याच्या हातात दिला. थंडोबाला एवढ्या जवळूनही त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून इशारेवाल्याने भरून आलेले डोळे पुसलेही नाहीत.