जागा आहे, या

चिमी नर्स झाली तेव्हा तिचं कौतुक करायला वडील राहिले नव्हते, आणि वडील राहिले नाहीत म्हणून कारखान्याचं क्वार्टरही राहणार नव्हतं. महिनाअखेर किल्ली द्या, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. काकांनी आईला आपल्याकडे न्यायची तयारी दाखवली, म्हणजे काकूला हाताखाली माणूस हवं होतं. चिमीबद्दल ते काही बोलले नाहीत. उरली शेजारच्या राज्यात दिलेली ताई. तिचा संसार दीड खोलीत, त्यात सासू-सासरे. पण तिनं एक कळवलं होतं, की इकडच्या दवाखान्यांत नर्सला राहायला खोली देतात आणि आईला सोबत ठेवता येतं. तेवढं जमव, मग कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

तेवढं जमवणं म्हणजे काय, ते चिमीलाच ठाऊक. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं, ट्रंक कॉल लागेपर्यंत बाकावर ताटकळायचं, आणि लागला की पलीकडचा माणूस झटक्यात वाटेला लावायचा. अनुभव आहे का? नाही? मग अनुभव घेऊन या. जसा काही तो वाण्याकडे मिळतो. कोणी म्हणे, तुमची नोंदणी तुमच्या राज्याची, आमच्याकडची आणा. नोंदणीवाल्यांना विचारावं तर ते म्हणत, आधी इथली नोकरी दाखवा. चिमी घरी येऊन या सगळ्यांच्या नकला करायची. आई पोट धरून हसायची आणि बांधलेली भांडी लागतील म्हणून पुन्हा सोडून ठेवायची. पुढे पुढे नकला बंद झाल्या. चिमी आली, की आई फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघायची आणि चहाचं आधण ठेवायची.

महिना संपत आला तेव्हा एका मोठ्या दवाखान्याचा फोन लागला. लाइनीत नुसती खरखर. घोकून ठेवलेलं भाषण सोडून चिमीनं एकदमच विचारलं, "जागा आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे, एकच आहे," कारकून म्हणाला. "अडवून ठेवतो, पण परवापर्यंत या."

चिमीचा कानांवर विश्वास बसेना. तिनं भीत भीत सांगितलं, "माझ्यासोबत माझी आई असेल."

"अहो, मग आईला आणायला नको का? या घेऊन. अंथरूण-पांघरूण आणा, ताटवाटी आणा. आमचं पुरत नाही."

ना अनुभव, ना नोंदणी. चिमीला वाटलं, जगात अजून भली माणसं आहेत. घरी येऊन तिनं आईला गरकन फिरवलं. जागा मिळाली म्हटल्यावर आईनं खोली कशी आहे तेवढंच विचारलं. काकांना नको म्हणून कळवलं, क्वार्टरची किल्ली साहेबांच्या हातात ठेवली, आणि ट्रंक, वळकटी घेऊन दोघी निघाल्या.

दवाखान्याच्या खिडकीशी चिमीनं फोनची आठवण दिली, तसा कारकून लगबगीनं बाहेर आला. आईला बघून म्हणाला, "याच का? अहो, चालवत काय आणलंत यांना?" त्यानं चाकांची खुर्ची मागवली. आई भारावून गेली. नर्सच्या आईचा एवढा मान असतो हे तिला माहीत नव्हतं. पदर सावरून ती खुर्चीत बसली.

"काय होतंय यांना?" कारकुनानं विचारलं.

"कुठं काय? प्रवासानं दमलीय थोडी."

"दमण्यासाठी खाट अडवली होय?"

मग उलगडा झाला. चिमीनं नोकरीची जागा विचारली होती, त्यानं खाटेची सांगितली होती. तो बिचारा कानकोंडा झाला. दवाखान्यात फोन करून जागा विचारल्यावर माणूस दुसरं काय समजणार, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि शेवटी मेट्रनबाईंना घेऊन आला.

मेट्रनबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नर्सची जागा नव्हती, आणि निघाली असती तरी नोंदणीवाचून देता आली नसती. चिमीच्या डोळ्यांसमोर ताईची दीड खोली आली, काकूचं स्वयंपाकघर आलं.

"मग आयाचं काम द्या," ती म्हणाली. "वॉर्ड पुसते, शौचाची भांडी देते. फक्त आम्हाला खोली द्या."

"शिकलेल्या पोरींना आया केलं, तर आयांनी कुठं जायचं ग?"

तेव्हा खुर्चीतून आई म्हणाली, "खाट आहे ना? मग मलाच घ्या भरती करून. मला चक्कर येते."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी नाही. जिना चढताना येते. तुझी परीक्षा होती, मग हे गेले. सांगू कधी?"

मेट्रनबाईंनी स्वतः आईच्या दंडाला पट्टा बांधला. हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. मग रक्तदाबाचं ते यंत्र चिमीकडे सरकवलं. चिमीनं शिकताना परक्या माणसांच्या किती दंडांना पट्टे बांधले होते. या दंडाला आजच बांधत होती. पारा फारच वर थांबला, तशी तिनंही हवा सोडून पुन्हा भरली.

भरती झाली. खाटेवरची चादर चिमीनंच घातली, कोपरे ताणून, शिकवलं होतं तशी. आई आडवी झाली आणि तिच्या मनगटाला धरून म्हणाली, "बघ, झाली की सोय. आता तू इथंच माझ्याजवळ राहा."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आया एकेका खाटेशी येऊन माणसं बाहेर काढू लागली. चिमी म्हणाली, "मी नर्स आहे हो."

"असाल. पण इथं पेशंटचं माणूस म्हणूनच आलात ना?"

बाहेरच्या बोळात चिमी ट्रंकेवर बसली. खिडकीतला कारकून तिच्याकडे बघायचं टाळत होता. थोड्या वेळानं आतून कोणीतरी "सिस्टर, सिस्टर" अशी हाक मारली. आवाज आईचा नव्हता. तरी चिमी उठली आणि दारापर्यंत गेली. आयानं आतून कडी लावून घेतली होती.