आठ दिवसांची सहल

मी एक नकाशा आहे. मिटला की शर्टाच्या खिशात मावणारा, उघडला की जेवणाचं अख्खं टेबल व्यापणारा. देशाच्या उत्तरेकडची शहरं माझ्या अंगावर आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेल्वेच्या काळ्या रेघा, नद्या, किल्ले, पाठीवर मोठ्या शहरांच्या गल्ल्या, सगळं. सध्या मी एका स्टेशनातल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत पडून आहे. खरं सांगायचं तर मी हरवलो नाही. मला सोडून गेलेत.

छापखान्यात माझ्या अंगावर एकामागून एक चार रंग चढले. शेवटच्या टेबलावर एक बाई शेजारणीशी गप्पा मारत, माझ्याकडे न बघता, लाकडी पट्टीने घड्या घालत होती. तिथून मी स्टेशनरीच्या एका दुकानात आलो आणि दाराजवळच्या फिरत्या स्टँडवर वर्षभर उभा राहिलो. लोक मला उघडायचे, आपलं गाव शोधायचे, सापडलं की खूश व्हायचे, आणि कसंबसं चुरगाळून परत खोचायचे.

ज्यांनी मला विकत घेतलं, त्यांनी मात्र पहिल्या फटक्यात माझी घडी बरोबर घातली. ते बसडेपोत वेळापत्रकं लावायचे. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात. डेपोत त्यांना सगळे ‘काटेकर’ म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं.

त्यांची बायको एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. सव्वीस वर्षं ती रोज दोनशे माणसांचं रांधत होती. पेशंटांचे नातेवाईक लांबलांबून यायचे, ताटावर बसून आपल्या गावच्या खाण्याच्या आठवणी काढायचे. हात पुसत ती ऐकायची आणि दुकानांची नावं जुन्या कुपनांच्या पाठीवर लिहून घ्यायची. अशी पिशवीभर कुपनं साठली होती.

त्या पहिल्या संध्याकाळी तिने ती सगळी माझ्यावर ओतली.

“हे बघा, चार शहरं. आठ दिवस. सकाळी किल्ला नाहीतर घुमट, जे काय असेल ते बघायचं. मग बाजारात जायचं आणि बाकावर बसायचं. कुणीतरी मला गरमगरम वाढायचं. मी नुसती बसून खाणार. भांडं उचलणार नाही, सांगून ठेवते!”

“आठ दिवसांत चार शहरं बसवायची म्हणजे जरा बघावं लागेल,” ते म्हणाले. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

तिथून आमचे सुखाचे दिवस सुरू झाले. आमचे म्हणजे माझे आणि त्यांचे. डेपोतून आले की ते मला टेबलावर पसरायचे. लाल पेन्सिलीने गाड्या, निळीने बघायच्या जागा, आणि कुपनांवरची दुकानं बारीक फुल्यांनी. मला फार मोठेपण वाटायचं. दुकानात माझ्याकडे कुणी इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात दुसऱ्या शहरात गाडी पहाटे चारला पोचत होती. बायकोला अवेळी कुठे थांबवायचं, म्हणून बेत पुढे ढकलला. दुसऱ्या हिवाळ्यात डेपोत नवे मार्ग सुरू झाले. तिसऱ्या वर्षी सगळं जुळलं, पण नेमका त्याच आठवड्यात एक किल्ला दुरुस्तीसाठी बंद निघाला.

“अहो, नाही बघितला एक किल्ला तर काय बिघडलं?” ती म्हणाली. “आणि गाडी चुकली तर चुकू दे की. स्टेशनावर बसून खाऊ काहीतरी.”

“चुकू दे म्हणजे? मी काय चुकवण्यासाठी लावतोय हे?”

“जसं आहे तसं चला ना. मला कंटाळा आलाय वाट बघायचा.”

“पुढच्या हिवाळ्यात नक्की. एकदा मनासारखं बसलं की डोळे मिटून निघायचं.”

तिने दोन ताटं माझ्या कडेला ठेवली. तेव्हा ते मला पसरूनच जेवायला लागले होते. डाव्या हातात पेन्सिल, उजव्या हाताने घास, डोळे माझ्यावर. समोर बसलेली बायको हळूहळू पोळी सोडून नुसता मऊ भात खाते, मग भातही पाणी घालून पातळ करते, एकेक घास गिळताना डोळे घट्ट मिटते, हे मी बघत होतो. त्यांना दिसत नव्हतं, कारण ते मला बघत होते. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. निदान एखादं टोक उडवून त्यांच्या हातावर आपटता आलं असतं, तर तेवढंही केलं असतं.

एका दुपारी कँटीनमध्ये आमटी चाखताना तिला जोराचा ठसका लागला, आणि तो थांबेचना. तिथल्याच डॉक्टरांनी घसा बघितला. गाठ होती, वाढलेली.

“किती दिवस त्रास होतोय?” डॉक्टरांनी विचारलं. तोवर काटेकरही येऊन पोचले होते.

ती म्हणाली, “सात-आठ महिने.”

काटेकर घरी आले, खुर्चीत बसले, आणि मला पहिल्यांदाच न उघडता दूर सारलं. “सात-आठ महिने,” ते स्वतःशीच म्हणाले. “मी समोरच तर बसायचो.”

ऑपरेशन झालं. तोंडाने खाणं बंद झालं. पोटाला नळी लावली, तिच्यातून पातळ दूध-पेज जायची. आवाज उरला तो नुसती कुजबुज. आणि ज्या माणसाला चार वर्षांत बेत जमला नव्हता, त्याने एका सकाळी जाऊन चारही शहरांची तिकिटं काढून आणली. तिकिटं आणि मी, दोघांनाही त्यांनी तिच्या पांघरुणावर ठेवलं.

“पुढच्या महिन्यात निघायचं. डॉक्टरांना विचारलंय मी. तू फक्त बस, बाकी सगळं मी बघतो.”

ती तिकिटांकडे बघत राहिली. “आता काय, वास घ्यायला येऊ?” ती कुजबुजली आणि स्वतःच हसली.

“किल्ले बघू. घुमट बघू.”

“तुम्ही जाऊन या.”

“तुझ्याशिवाय?”

“मग इतकी वर्षं कुणाबरोबर जात होतात?” तिने माझ्यावर हात ठेवला. “ह्याच्याबरोबरच ना?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना भांडता आलं असतं.

तारखेच्या एकोणीस दिवस आधी ती गेली.

ते ठरल्या दिवशी निघाले. का निघाले, मला माहीत नाही. बहुधा घरात बसवत नव्हतं. गाडीत समोरची जागा रिकामी. तिकीट तपासणाऱ्याने विचारलं, “दुसरे पॅसेंजर?” त्यांनी तिचं तिकीट पुढे केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पहिल्या शहरात गाडी अगदी वेळेवर पोचली. एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

फलाटावर एक बाई शेगडीवर काहीतरी तळत होती. घमघमाट सुटला होता. ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“किती देऊ? एक की दोन?” तिने विचारलं.

त्यांनी पाकीट काढलं. मागची माणसं खोळंबली. बाईने झारा हातात धरून पुन्हा विचारलं, “एक की दोन, काका?”

ते मागे फिरले आणि बाकावर बसले. स्टेशनाबाहेर शहर होतं, माझ्यावर त्याच्या सगळ्या गल्ल्या होत्या, फुल्या मारलेली सहा दुकानं होती. ते बाहेर गेलेच नाहीत. दुपारच्या परतीच्या गाडीत चढताना त्यांनी मला बाकावरच ठेवलं. विसरले नाहीत. दोन पावलं जाऊन वळून बघितलं, आणि मग गेले.

आता फळीवर माझ्या एका बाजूला कुणाची तरी छत्री आहे, दुसऱ्या बाजूला एकच चप्पल. मला सोडवायला कुणी येणार नाही, आणि यावं असंही वाटत नाही. मला रस्ते माहीत होते एवढंच. निघायचं कधी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मागणं एकच आहे. बसडेपोत कधी गेलात आणि मागच्या खोलीत एक म्हातारा माणूस वेळापत्रकावर वाकलेला दिसला, तर त्याला गाडीची वेळ विचारू नका. जेवलात का, एवढं विचारा. आणि तो हो म्हणाला, तरी थोडं थांबा.