कारल्यांची मालकीण

काशी गेली ती धसईच्या बाजाराला जाताना, बाळारामच्या पिकअपमध्ये. भाजीच्या जड पाट्या एसटीत चढवायच्या म्हणजे कंडक्टरशी रोजचं भांडण, म्हणून पाड्यावरच्या बाया पिकअपच्या हौद्यात आपापली पाटी धरून बसायच्या. त्या दिवशी उतारावर ब्रेक लागले नाहीत. बाकीच्यांना मुका मार लागला, काशी तेवढी जागीच गेली. देवालाही वेचून न्यायला नेमकी तीच सापडली.

मागे राहिले नवरा धोंडी आणि नववीतली रुपा. काशीच्या भाजीमुळे या घराची वीटभट्टीवरची मजुरी सुटली होती. आता भाजी पिकवणारीच नव्हती. भट्टीवाला एकट्या माणसाला उभा करत नाही, त्याला जोडी लागते. विम्याची भरपाई मिळाली तर रुपा शाळेत राहणार, नाहीतर आईच्या जागी भट्टीवर जाणार, हे पाड्यावर सगळ्यांना कळत होतं.

तिथेच हरेश मध्ये पडला. हरेश म्हणजे पाड्यावरचा दीड शहाणा. ठाण्याला कामाला, खिशात लोकलचा पास, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अपघाताचं कळताच धोंडीला मोटारसायकलवर बसवून तो उतारावर आला तेव्हा पोलीस अजून यायचे होते.

"मालाच्या गाडीत मानूस बसला तं विमावाले कायसुदीक देत नाय," त्याने सगळ्यांना बजावलं. "काशीवैनी रस्त्यानं चालत व्हती, गाडीनं ठोकलं, असं सांगा. चालत्या मानसाला भरपाई मिलते."

बाळाराम रडतच म्हणाला, "माज्यावर काय व्हयाचा तो गुन्हा होऊ दे. पोरीचं भलं होऊ दे."

कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळा पाडा एका तोंडाने खोटं बोलायला तयार झाला, तो निव्वळ मायेपोटी. हौद्यात बाया होत्या हे भाजीवरून कळू नये म्हणून बायांनी आपल्या पाट्या झाडीत नेल्या. काशीची पाटी धोंडीने स्वतः ओहोळात टाकली. डोकं बधिर झालं होतं त्याचं. कारली पाण्यावरून वाहत गेली, तो बघत उभा राहिला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे दीड शहाण्याने चढवली होती. "चालत व्हती," असं धोंडीने शपथेवर सांगितलं. मग विमा कंपनीच्या वकिलाने एसटीचा एक ड्रायव्हर साक्षीला आणला. अपघात बघून पहिल्यांदा तोच थांबला होता. बिचारा सरळ माणूस, जे होतं ते बोलला. "मी स्वतः हौद्यातून काढलं बाईंना. पाटी घट्ट धरलेली होती त्यांनी. बोटं सोडवावी लागली."

धोंडी भर कोर्टात हुंदके देऊन रडायला लागला. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याचा वकील कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, स्वतःचा माल घेऊन बसली होती, हे मला तरी सांगायचं! मालाबरोबर मालाचा मालक असला, तर विमा त्याला धरतो. खरं बोलला असता तर भरपाई मिळाली असती."

पुढच्या तारखेला धोंडी हात जोडून म्हणाला, "सायेब, कारली तिचीच व्हती. तिनंच लावली, तिनंच तोडली. मालकीन व्हती ती."

"मग माल कुठे गेला?" कंपनीच्या वकिलाने विचारलं. "पाटी धरली होती, पण तीत माल होता कशावरून? पंचनाम्यात भाजीचं पानसुद्धा नाही."

"मीच टाकला."

खोट्याच्या कपाळी गोटा, दुसरं काय! एकदा शपथेवर फिरलेल्या माणसाचं दुसरं बोलणं कोण धरणार? विमा कंपनी सुटली. भरपाई बाळारामने द्यावी, असा निकाल लागला. पण बाळारामची गाडी भंगारात गेलेली, आणि तो स्वतः दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. धोंडीला त्याचाही राग येईना. काशी जन्मात मालकीण झाली ती एवढ्याशा पाटीची, आणि तीच आपण ओहोळात टाकली, हेच त्याला जेवू देईना.

दिवाळी झाली आणि भट्टीचा ट्रक पाड्याखाली येऊन उभा राहिला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या, त्यांच्यावर माणसं चढली. रुपा चाकावर पाय ठेवून थांबली.

"बा, वाटंत काय झालं नि कुनी ईचारलं, तं काय सांगायचं? गाडीत व्हतो का चालत व्हतो?"

धोंडीने वाकून तिचा हात धरला आणि तिला वर ओढून घेतलं.

"गाडीत व्हतो, असंच सांग गो," तो म्हणाला. "खरंच सांग."